वऱ्हाडातील गाणे आणि मनाचे आरोग्य : एक आढावा

संगीताने मनाला आराम मिळतो हे विधान इतके सर्वमान्य आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. परंतु कोणते संगीत, कोणाच्या मनाला, कोणत्या परिस्थितीत आणि किती काळ आराम देते, असे विचारू लागताच त्या एका विधानाची अनेक विधाने होतात, आणि त्यांपैकी काही कसोटीला उतरतात, तर काही उतरत नाहीत. या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा शहरी रुग्णालये, ध्वनिमुद्रणे आणि रागसंगीत यांच्या चौकटीत होत आली आहे. प्रस्तुत आढावा वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात असलेले कामरगाव आणि त्याच्या भोवतीचा वऱ्हाड समोर ठेवून घेतला आहे, कारण या प्रदेशात मनावरचा ताण आणि गाण्याची परंपरा या दोन्ही गोष्टी ठळकपणे शेजारीशेजारी आढळतात. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वर्धा यांच्याबरोबर वाशीमही होता. आणि याच वऱ्हाडाने गाडगे महाराजांचे कीर्तन, तुकडोजी महाराजांची खंजिरी, भुलाबाईची गाणी, तांड्यावरचा नगारा आणि वस्तीवरची भीमगीते जोपासली आहेत.

संज्ञांचा उलगडा

चर्चेच्या आरंभीच तीन भिन्न गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे, कारण त्यांची गल्लत झाल्यामुळे संगीताविषयीचे अनेक दावे फुगलेले दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे संगीतोपचार. यात प्रशिक्षित उपचारक रुग्णाशी ठरावीक काळ नियमित भेटी ठेवतो, त्याच्याबरोबर गातो, वाजवतो किंवा ऐकतो, आणि त्यातून निर्माण होणाऱ्या नात्याचा उपचारासाठी उपयोग करतो. दुसरी गोष्ट म्हणजे वैद्यकीय प्रसंगी संगीत ऐकवणे; शस्त्रक्रियेपूर्वी किंवा अतिदक्षता विभागात परिचारिकेने रुग्णाला ध्वनिमुद्रण ऐकवले तर ते या प्रकारात मोडते, आणि तेथे उपचारकाशी नाते जुळण्याचा प्रश्न येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे माणसांनी स्वतःसाठी किंवा एकमेकांसाठी केलेले रोजचे गाणे. पाळणा, जात्यावरची ओवी, काकड आरती, हरिपाठ, लग्नातली गाणी आणि शेतात काम करताना धरलेला सूर हे सगळे यात येतात. पहिल्या दोन गोष्टींवर बरेच संशोधन झाले आहे, तर तिसरी गोष्ट सर्वांत व्यापक असूनही तिच्यावर तुलनेने कमी संशोधन झाले आहे.

संशोधन काय सांगते

संगीतोपचाराला आधुनिक व्यवसायाचे रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मिळाले. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या रुग्णालयांत संगीतकारांना बोलावले जाऊ लागले, १९४४ साली मिशिगनमध्ये या विषयाचे पहिले पदवी शिक्षण सुरू झाले आणि १९५० साली तेथे उपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात पुरावा इतका साचला की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या कला व आरोग्यविषयक आढाव्यात ३००० हून अधिक अभ्यासांचा समावेश होता. अर्थात अभ्यासांच्या संख्येवरून त्यांचा दर्जा कळत नाही, म्हणून अधिक काटेकोर आढावे पाहणे इष्ट ठरते.

नैराश्यासाठी संगीतोपचार या विषयावरील कॉक्रेन आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे कडक निकषांवर एकत्रित परीक्षण करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. या आढाव्यात ९ अभ्यास आणि एकूण ४२१ रुग्ण होते, आणि नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास केवळ नेहमीच्या उपचारांपेक्षा नैराश्याची लक्षणे अल्पकाळात अधिक कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातील ‘जोड’ आणि ‘अल्पकाळ’ हे दोन शब्द वाचकाने सोडून चालणार नाही. फिनलंडमध्ये ७९ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही तीन महिन्यांनी दिसलेला स्पष्ट फरक सहा महिन्यांनी तितका ठाम राहिला नव्हता. सर्वच विकारांत लाभ दिसतो असेही नाही. नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संगीतोपचारामुळे सामाजिक लक्षणांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही.

रोजच्या गाण्याच्या दृष्टीने दोन अभ्यास विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. लंडनमध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असलेल्या १३४ मातांची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत बाळासह गटाने गाणाऱ्या मातांपैकी मध्यम ते तीव्र लक्षणे असलेल्यांना इतरांपेक्षा लवकर आराम पडल्याचे दिसले. आफ्रिकेतील गांबिया या देशात गावोगावच्या गाणाऱ्या स्त्रियांच्या पारंपरिक मंडळांनाच गरोदर स्त्रियांच्या मानसिक आरोग्याच्या कामात सामील करून घेण्यात आले, आणि तेथेही लक्षणे कमी झाल्याचे नोंदले गेले. तेथील कार्यक्रमाने नवीन संगीत आणले नाही. गावात आधीच असलेल्या गाण्याला आरोग्याच्या कामाशी जोडले. वऱ्हाडासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

गाताना शरीरात काय घडते

गाण्याचा परिणाम प्रथम श्वासावर होतो. गाणाऱ्याला छोटा श्वास घेऊन तो लांबवर सोडावा लागतो, आणि लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, कारण शरीराला विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था त्या वेळी अधिक सक्रिय होते. इटलीतील बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगमंत्र या दोन्हींच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते आणि हृदय व रक्तदाब यांच्या नैसर्गिक लयीशी ती जुळते, असे आढळले. हरिपाठाच्या किंवा नामजपाच्या ठरावीक चालीतही श्वास अशाच आवर्तनांत बांधला जातो, त्यामुळे त्यांचा परिणाम याच दिशेने होत असावा असे अनुमान करता येते. मात्र ते अनुमानच मानले पाहिजे.

दुसरा परिणाम माणसांच्या परस्परसंबंधांवर होतो. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती गाण्याच्या रचनेप्रमाणे एकाच वेळी चढते आणि उतरते. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या गायन, हस्तकला आणि लेखन अशा वर्गांची सात महिने तुलना करण्यात आली, तेव्हा शेवटी सर्वच वर्गांतील माणसे एकमेकांच्या जवळ आलेली होती, परंतु गाणाऱ्यांमध्ये ही जवळीक सर्वांत आधी निर्माण झाली होती. अनोळखी माणसांना एकत्र आणण्याच्या कामी गाणे इतर सामूहिक उपक्रमांपेक्षा वेगवान ठरते, एवढे यावरून म्हणता येते.

तिसरा परिणाम भावनेला वाट मिळण्याचा आहे. सरळ बोलण्यात जे सांगता येत नाही ते गाण्यात सांगता येते, कारण गाण्यातील ‘मी’ हा गाणाऱ्याचा असतो आणि नसतोही. दुःख चालीत बसले की ते सगळ्यांचे होते आणि कोणा एकावर त्याचा ठपका येत नाही. हा परिणाम मोजणे सर्वांत अवघड आहे, आणि लोकगीतांच्या अभ्यासकांनी त्याचीच सर्वांत अधिक नोंद केली आहे.

राग आणि रोग

नाद आणि देह यांचा संबंध जोडण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला, आणि त्याच्या पहिल्याच अध्यायात स्वरांच्या विवेचनाआधी मानवी देहाची उत्पत्ती व रचना वर्णन केली आहे, कारण नाद देहातच उपजतो अशी त्यामागची धारणा होती. पुढील काळात राग, प्रहर, ऋतू आणि रस यांचे संबंध मांडले गेले, आणि अलीकडे त्यांच्या आधाराने अमुक राग डोकेदुखीवर, अमुक राग रक्तदाबावर अशा याद्या प्रचारात आल्या आहेत. एखाद्या रागाने सर्व ऐकणाऱ्यांवर औषधासारखा ठरावीक परिणाम होतो, याला विश्वसनीय पुरावा मिळालेला नाही. ऐकणाऱ्याची ओळख, आवड आणि आठवणी यांवर परिणाम अवलंबून असतो. ज्याच्या कानावर लहानपणापासून एकतारी आणि टाळ पडले आहेत, त्याचे मन निवण्यासाठी त्याला दरबारी कानडाच ऐकवला पाहिजे असे नाही. पाश्चात्त्य जगातही मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते असा समज १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगावरून पसरला. प्रत्यक्षात त्या प्रयोगात दिसलेला परिणाम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका विशिष्ट कौशल्यापुरता आणि दहा-पंधरा मिनिटांचा होता.

खंजिरी, कीर्तन आणि प्रार्थना

वऱ्हाडात सामूहिक गाण्याचा विचार सर्वांत पद्धतशीरपणे कोणी केला असेल, तर तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या आणि १९६८ साली मोझरी येथे निधन पावलेल्या तुकडोजींनी खंजिरी हे वाद्य निवडले. ते स्वस्त आहे, खांद्यावरच्या झोळीत मावते आणि साथीला कोणी नसले तरी एकट्याला त्यावर भजन उभे करता येते. म्हणजे गाण्याच्या वाटेतील खर्चाचा आणि शिक्षणाचा अडसर त्या वाद्याच्या निवडीतच दूर झाला होता. मोझरीला १९३५ साली उभ्या राहिलेल्या गुरुकुंज आश्रमातून आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना असा दिनक्रम गावोगाव पोहोचला. १९५५ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत ग्राम-आरोग्य, सामुदायिक प्रार्थना आणि भजन-प्रभाव यांना स्वतंत्र अध्याय आहेत; भजन आणि आरोग्य हे दोन्ही विषय गावाच्या एकाच आराखड्यात बसवण्याची ही दृष्टी आजच्या सार्वजनिक आरोग्याच्या विचाराला जवळची आहे. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारोंचा समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो, आणि एकत्र गाणाऱ्यांना एकत्र गप्प राहणेही साधते हे त्यातून दिसते.

गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) कीर्तनाची रीत निराळी होती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, श्रोते उत्तर देत, आणि त्या प्रश्नोत्तरांतून कर्ज काढून केलेले सणवार, दारू आणि नवसाचे बळी हे विषय पुढे येत, तर मधूनमधून होणाऱ्या नामगजरात सगळी सभा एकत्र येई. कर्जाविषयी उघडपणे बोलणे ज्या समाजात लाजिरवाणे मानले जाते, तेथे कर्जाचा उच्चार हजारो माणसांत, हसतखेळत आणि कोणाचे नाव न घेता होणे हा लाज कमी करण्याचा प्रभावी मार्ग होता. सल्लागार आजही नैराश्यात अडकलेल्या माणसाशी बोलताना प्रथम त्याची ही लाजच दूर करू पाहतो.

जाते, भुलाबाई आणि ढावलो

स्त्रियांच्या गाण्याची परंपरा भावनेला वाट देण्याच्या दृष्टीने अधिक समृद्ध आहे. पहाटे जात्यावर बसलेली बाई दळणाच्या लयीत ओवी गाई, आणि माहेर, भाऊ, सासुरवास, लेकीची काळजी व विठोबा हे विषय त्या ओवीत येत. जात्याच्या घरघरीत तिचे बोलणे घरातल्या इतरांना पुरते ऐकू जात नसे, आणि समोर दळायला बसलेल्या सोबतिणीला ते नेमके ऐकू येई. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी पुणे परिसरापासून सुरू केलेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि हे भांडार आता ‘पारी’ या ग्रामीण जीवनाच्या ऑनलाइन संग्रहाद्वारे लोकांसमोर येत आहे. चक्की आली तेव्हा बाईचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. पण त्याबरोबर दिवसातील तिची बोलण्याची एक हक्काची जागाही गेली, आणि तिच्या बदली दुसरी जागा उभी राहिली नाही.

वऱ्हाडातील भुलाबाईचा उत्सव भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरी पौर्णिमेपर्यंत चालतो. भुलाबाई आणि भुलोबा यांच्या मूर्तींपुढे मुली टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात, आणि शेवटी डबा वाजवून त्यातला खाऊ ओळखायला लावतात. सासरच्या जाचाची तक्रार, माहेरची ओढ आणि नात्यांची थट्टा हे या गाण्यांचे विषय असल्यामुळे लग्नाआधीच मुलीला पुढे येणाऱ्या ताणांची ओळख खेळातून होते, आणि माहेरपणाला आलेल्या लेकीला आपल्या अनुभवाचे शब्द तयार मिळतात.

वाशीम जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे, आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्या समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान आहे; तेथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या वारसा संग्रहालयाला नगारा या वाद्याचेच नाव आणि रूप दिलेले आहे. तांड्यावरील लग्नात नवरी निरोपाच्या वेळी ‘ढावलो’ गाते. ढावलो म्हणजे सुरात बांधलेले रडणे. ते तिला वडीलधाऱ्या स्त्रियांकडून शिकावे लागते, आणि आई, बाप, भाऊ, मैत्रिणी यांच्या गळ्यात पडून एकेकाला उद्देशून ते गावे लागते. दुःख दाबण्याऐवजी ते नीट, पूर्ण आणि सर्वांसमोर व्यक्त करण्याचे शिक्षण देणारी ही रीत आहे, आणि शोक व्यक्त होण्याला आधुनिक मानसोपचार जे महत्त्व देतो ते तांड्याने आपल्या चालीरीतींतच सामावून घेतले आहे.

बौद्ध वस्त्यांतील भीमगीतांचे कार्य काहीसे वेगळे आहे. आंबेडकरी जलशांतून वाढलेल्या आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या शाहिरांनी घराघरांत नेलेल्या या गाण्यांत सांत्वनापेक्षा स्वाभिमान प्रमुख आहे. अपमानाने खचलेल्या माणसाला नुसता धीर दिल्याने उभे राहता येत नाही, त्याची मान ताठ व्हावी लागते. म्हणून मनःस्वास्थ्याच्या चर्चेत विश्रांती देणाऱ्या संगीताइतकाच उभारी देणाऱ्या संगीताचाही विचार झाला पाहिजे.

मर्यादा

या परंपरांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादा झाकणे योग्य नाही. अनेक ठिकाणी भजनाच्या फडात कोणी बसावे, वीणा कोणी धरावी यावर जात आणि लिंग यांची बंधने राहिली आहेत, आणि ज्याला दाराबाहेर उभे राहून ऐकावे लागते त्याला त्या गाण्याचा आधार मिळत नाही, उलट त्याची जखम वाढते. एकट्याने पुन्हा पुन्हा दुःखी गाणी ऐकण्याची सवय काहींना हलके करते, तर आधीच नैराश्यात असलेल्या काहींना त्याच विचारांच्या भोवऱ्यात अधिक खोल नेते. मिरवणुकीतील डीजेच्या भिंतींनी तर संगीताचे आवाजात रूपांतर केले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असताना ती कितीतरी ओलांडणारा आवाज आजारी, वृद्ध आणि तान्ह्या मुलांसाठी केवळ ताण ठरतो. याहून मोठी मर्यादा अशी की कापसाचा आणि सोयाबीनचा पडलेला भाव, लांबलेला पाऊस आणि सावकाराचे व्याज यांवर गाणे हा उपाय नाही, आणि दुःखाच्या कारणांकडे डोळेझाक करण्यासाठी त्याचा वापर होणे हा त्याचा गैरवापर आहे.

उपचाराकडे नेणारी वाट

निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. खेड्यात ही दरी डॉक्टरांच्या कमतरतेमुळे जशी आहे, तशी ‘लोक काय म्हणतील’ या भीतीमुळेही आहे. ती कमी करता येते, हे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या प्रकल्पाने दाखवले. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून, प्राथमिक आधार देऊन आणि गरजूंना डॉक्टरांकडे पोहोचवून काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्या प्रकल्पाचे साधन संगीत नव्हते. माणसाने माणसापर्यंत पोहोचणे हे होते.

या सर्व पुराव्यांवरून निघणारा निष्कर्ष मर्यादित असला तरी स्पष्ट आहे. वऱ्हाडातील गाण्याची उपचारक शक्ती एखाद्या रागात किंवा वाद्यात साठवलेली नाही. श्वास सावकाश होणे, चार माणसांत ठरलेल्या वेळी बसणे आणि न बोलता येणारी गोष्ट चालीत बसवून बोलता येणे, या तीन गोष्टींत ती आहे. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा आत्महत्येचे विचार असलेल्या माणसाला भजन पुरे पडणार नाही. त्याला डॉक्टरच लागतो, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक गावातील प्रत्येक भजनी मंडळाच्या आणि बचत गटाच्या भिंतीवर लिहिलेला असला पाहिजे. परंतु डॉक्टरपर्यंत जाण्याआधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, आणि नैराश्याचे एक लवकर दिसणारे लक्षण म्हणजे माणूस चारचौघांत येईनासा होणे. दवाखान्याच्या नोंदवहीत हे लक्षण दिसत नाही, कारण तो माणूस तेथे गेलेलाच नसतो. प्रार्थनेच्या ओळीत, टाळकऱ्यांच्या रांगेत किंवा भुलाबाईच्या फेरात मात्र त्याची रिकामी जागा त्याच संध्याकाळी दिसते. कामरगावापासून मोझरीपर्यंतच्या प्रत्येक गाणाऱ्या मंडळाने एवढा एकच नेम धरावा, की जी जागा दोन दिवस रिकामी राहील, त्या घरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन यावे.